टिकलीसाठी केलेली पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. जुनी म्हणजे अगदीच टाकाऊ नव्हे. माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे आणि एका फळीला चीर गेली आहे, बाकी मी धडधाकट आहे. काळेवाडीत अजीजभाईंचं सुतारकामाचं दुकान आहे, तिथे मागच्या भिंतीला टेकून मी उभी असते. येणारी गिऱ्हाइकं मला निरखून बघतात आणि विचारतात, "ही कसली पेटी? ना झाकण, ना कडी. आणि एकच बाजू एवढी बुटकी का?" अजीजभाई रंधा थांबवत नाहीत. "विकायची नाही," एवढंच म्हणतात. मित्रांनो, त्यांना कामातून सवड नाही, म्हणून मीच सांगते. मला सवडच सवड आहे.

माझं लाकूड इकडचं नाही बरं का! समुद्रापलीकडच्या थंड मुलखातलं पाइनचं लाकूड आहे. एक भलंमोठं यंत्र माझ्या पोटात बसवलं आणि जहाजातून मला चाकणच्या एका कारखान्यात आणलं. तेव्हा मी एखाद्या खोलीएवढी होते. माझ्या अंगावर काळ्या शाईनं दोन चित्रं छापली होती, एक उघडी छत्री आणि एक काचेचा पेला. बंदरात मला उचलताना माणसं "हळू, हळू" म्हणून ओरडत. मला वाटायचं, हे सगळं कौतुक माझंच चाललं आहे. कारखान्यात पोचल्यावर मात्र पहारीनं माझ्या फळ्या उचकटल्या. यंत्राला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मला भिंतीबाहेर फेकून दिलं. मी जरा मानी आहे, त्यामुळे ते मला अजून लागतं.

पण चाकणच्या पट्ट्यात आमच्यासारख्यांना फार काळ पडून राहावं लागत नाही. भंगारवाले आमच्या फळ्या उचलतात आणि सुतार त्यांचं सामान करतात. काळेवाडीतल्या कितीतरी घरांतले दिवाण आणि चपलांची कपाटं माझी सख्खी भावंडं आहेत. माझ्या काही फळ्या अजीजभाईंच्या दुकानात आल्या, आणि मलाही वाटत होतं की आता आपल्या नशिबात चपलाच. तेवढ्यात एके दिवशी चतुराबाई दुकानात आल्या.

चतुराबाई म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या एक साठी उलटलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "अजीजभाई, माझ्या टिकलीला बाळंतिणीची खोली करून द्या."

अजीजभाई हसले. "मावशी, पिल्लं कधी आहेत?"

"आजून कशात काय न्हाई. पर जागा आधी नको का?"

टिकली त्यांची कुत्री. चतुराबाईंचं गाव उदगीरकडचं. त्यांचे मालक कंपनीतून निवृत्त झाल्यावर गावी गेले होते, ते येताना एक कारवानी जातीचं पिल्लू सदऱ्यात घालून एसटीनं घेऊन आले. तांबूस अंग, लांब पाय आणि कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून टिकली. त्या वर्षीच्या थंडीत मालक वारले. घरात चतुराबाई आणि त्यांचा मुलगा भीमराज असे दोघंच उरले. भीमराज चाकणला एका कंपनीत, पत्रे दाबून सुटे भाग करणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला होता. शिफ्ट, वर ओव्हरटाइम, वर कंपनीच्या बसचा प्रवास, यात तो घरी झोपायलाच यायचा. बाकी सगळा वेळ चतुराबाई आणि टिकली एकमेकींची तोंडं बघत बसायच्या. मालकांच्या हातचं जिवंत असं त्या घरात टिकलीच होती. तिच्या मागं तिचं एक तरी पिल्लू घरात असावं, एवढीच चतुराबाईंची इच्छा होती. मित्रांनो, ही इच्छा नीट लक्षात ठेवा, कारण माझा जन्म तिच्यासाठीच झाला.

अजीजभाईंनी मला मन लावून केलं. तीन बाजू उंच आणि एक बुटकी, म्हणजे आई सहज ओलांडून जाईल पण पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. आतल्या बाजूनं वीतभर उंचीवर सगळीकडून एक दांडी बसवली. आई टेकून बसली तरी दांडीखाली जागा राहते आणि पिल्लू चिरडत नाही. छत्री आणि पेला असलेली फळी त्यांनी मुद्दाम दर्शनी लावली.

"ह्यो पेला कशापायी?" चतुराबाईंनी विचारलं.

"आतलं नाजूक आहे, जपून उचला, असा त्याचा अर्थ, मावशी."

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्या ओट्यावर, उंबऱ्याजवळ ठेवलं. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. "परदेशी लाकूड दिसतंय," असं एकीनं म्हटलं तेव्हा मी किती फुलले म्हणून सांगू! टिकलीनं मला चहूबाजूंनी हुंगलं, आत पाऊल ठेवलं, एक गिरकी घेतली आणि बाहेर निघून गेली. तिची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, हरकत नाही, थांबू.

आता कुत्रीची वेळ म्हणजे काय, ते सांगते. कुत्री ठराविक काळानं माजावर येते, म्हणजे तिचं शरीर पिल्लांसाठी तयार होऊ लागतं. बऱ्याच कुत्र्या वर्षातून दोनदा येतात, टिकली मात्र एकदाच यायची. त्या काळात थोडं रक्त जातं. पण त्यातल्या मोजक्याच दिवसांत ती नराला जवळ येऊ देते. ते दिवस हुकले की पुन्हा वर्षभर वाट बघायची.

भीमराजनं कंपनीत चौकशी केली. तिथल्या सनी नावाच्या मित्रानं सांगितलं, "भावा, बारावा दिवस. डोळे झाकून बाराव्या दिवशी ने." दिघीला यशवंतराव म्हणून एक निवृत्त सुभेदार राहतात, त्यांच्याकडे शेरू नावाचा कारवानी नर होता. त्यांच्याशी बोलणं झालं. टिकली माजावर आल्याचं भीमराजला दिसलं, त्यानं बोटांवर मोजलं, आणि बारावा दिवस निघाला मंगळवार. पण आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. लग्न ठरवणं, दवाखाना, गावाकडची कामं, सगळं गुरुवारीच करायची लोकांना सवय. "दोन दिवसांनी काय बिघडतंय?" असं म्हणून भीमराजनं टिकलीला गुरुवारी नेलं. टिकलीच्या शरीराला गुरुवार ठाऊक नव्हता.

त्या दिवशी मला धुऊनपुसून ठेवलं होतं. संध्याकाळी टिकली परतली ती शेपटी पायांत घालून. ओट्यावरच्या बोलण्यातून कळलं की तिनं शेरूला जवळ येऊच दिलं नाही, उलट त्याचा कान फाडला. "तुमची कुत्री तापट आहे राव," असं यशवंतराव म्हणाले म्हणे. टिकली माझ्या कडेला हनुवटी टेकून बसून राहिली. तिला कुणी बोललं नाही, कुणी थोपटलंही नाही.

मित्रांनो, काय चुकलं होतं ते मला ठाऊक होतं. मी उंबऱ्याजवळ होते ना. चतुराबाई घरात सगळ्यांच्या आधी उठतात आणि फरशी पुसतात. भीमराजला रक्ताचा थेंब दिसला त्याच्या कितीतरी दिवस आधी तो चतुराबाईंना दिसला होता. त्यांनी लगबगीनं फडकं फिरवलं, कोपऱ्यात जाऊन ते पिळलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं चहा ठेवला. रोज तेच. टिकली स्वतः चाटूनपुसून स्वच्छ राहणारी, आणि उरलेलं या पुसायच्या. बाईमाणसाची ही गोष्ट, ती वयात आलेल्या मुलासमोर कशी बोलायची? त्यांनी जन्मभर स्वतःचं झाकलं, तसंच टिकलीचं झाकलं. भीमराजचा पहिला दिवस खरा पहिला नव्हताच, आणि त्याचा बारावा दिवस आला तेव्हा टिकलीची वेळ उलटून गेली होती. ज्या बाईला पिल्लू सगळ्यांत जास्त हवं होतं, तीच रोज पहाटे ते पुसून टाकत होती. आणि मी लाकडाची. मला तोंड कुठे आहे?

पुढचं वर्ष मी रिकामी काढलं. माझ्यात आधी कांदे आले, मग जुने पेपर. एकदा चपलाही आल्या. तो अपमान मी गिळला.

दुसऱ्या वर्षीही तोच प्रकार. तेच फडकं, तीच बोटांवरची मोजणी, तोच गुरुवार. या खेपेला चतुराबाई सोबत गेल्या होत्या. परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता. टिकली पुन्हा अंगावर धावून गेली होती, आणि तिथे जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, "वांझ असंल. सोडून द्या, दुसरी आणा."

"माय, जाऊ दे ना. लोक काय, बोलतात," भीमराज म्हणाला.

"कसं जाऊ दे?" चतुराबाई ओट्यावरच बसल्या. "तू व्हायच्या आधी मला बी धा वर्सं हेच म्हणत व्हते समदे. तुझ्या बापानं कवा एका शब्दानं बोलून दावलं न्हाई. आन त्यांनी आणलेल्या जनावराला आता म्या हे ऐकून घ्यू?" त्यांनी टिकलीला जवळ ओढलं. एवढा वेळ कोरडे असलेले डोळे तेव्हा भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. विजयश्री नावाच्या जनावरांच्या डॉक्टर, स्कूटरवरून गल्लीगल्लीत लस द्यायला येत. त्यांनी ओट्यावर बसून टिकलीला तपासलं, काचेच्या पट्टीवर नमुना घेतला आणि तो दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघून संध्याकाळी परत आल्या.

"कुत्री उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "वांझ वगैरे काही नाही. तिचे दिवस उलटून गेलेत, एवढंच. रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?"

भीमराजनं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "शक्य नाही. त्याच्या बरंच आधी सुरू झालं असणार. घरात दुसऱ्या कुणाला दिसलं नाही का?"

चतुराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "मला दिसत व्हतं. म्या पुसत व्हते."

"माय!" भीमराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण चतुराबाई दचकल्याच.

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी टिकलीच्या पाठीवर हात ठेवून सगळं समजावलं. सुरुवातीला रक्त लाल असतं, नर मागे लागतात, पण ती त्यांना हुसकावते. मग रंग फिका होत जातो, शेपटीखालची सूज मऊ पडते. तेव्हा कमरेवर हात ठेवला की ती हलत नाही, शेपटी एका बाजूला घेते. तो तिचा होकार. "हा होकार कुणाचा लवकर येतो, कुणाचा उशिरा. बारावा दिवस हा कॅलेंडरचा नियम झाला, तिचा नाही. पहिला थेंब दिसला की मला सांगा. मी काचेवर बघेन, रक्त तपासेन, मग आपल्याला नक्की कळेल." निघताना त्या म्हणाल्या, "पण मावशी, पुढच्या वर्षी नक्की करा. पहिलं बाळंतपण फार उशिरा झालं तर जिवावर बेततं."

त्या रात्री चतुराबाईंनी ट्रंक उघडली आणि मालकांचं पांढरंशुभ्र धोतर काढलं. त्याची चौघडी करून माझ्यात अंथरली. पांढऱ्यावर थेंब लगेच दिसतो. टिकलीला त्यांनी माझ्यात झोपायची सवय लावली, आणि रोज पहाटे फडक्याऐवजी चष्मा घेऊन त्या माझ्यापाशी येऊ लागल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं काम मिळालं. टिकलीचं ऊबदार अंग माझ्या फळ्यांना टेकायचं. यंत्रासारखं ते थंड नव्हतं. ते दिवस माझ्या सुखाचे, आणि ते थोडेच होते.

कारण एक वर्ष उलटलं, मग दुसरंही उलटलं, तरी थेंब दिसेना. टिकलीचं चक्र लांबलं. मधल्या काळात भीमराजचं लग्न झालं आणि त्यानं चाकणला, कंपनीजवळ फ्लॅट घेतला. आईला चल म्हणाला, पण त्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. "तू जा बाळा," चतुराबाई म्हणाल्या, "हिला कुठं टाकू?" तो गेला. गुरुवारी यायचा, कधी यायचा नाही. चतुराबाई टिकलीशी बोलायच्या, टिकली ऐकायची, आणि माझ्याशी कुणी बोलत नसे. एका घरात तिघी असून आम्ही तिघी एकेकट्या होतो.

शेवटी कधीतरी, आशा सुटल्यावर, धोतरावर लाल ठिपका उमटला. चतुराबाईंनी तो पुसला नाही. ओट्यावर उभं राहून त्यांनी भीमराजला फोन लावला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "आरं, टिकलीचं सुरू झालंय! आज दिसलं!" गल्लीतून चाललेल्या अजीजभाईंनी हात उंचावला. ही तीच बाई, जी पूर्वी कोपऱ्यात जाऊन फडकं पिळायची.

डॉक्टर आल्या. काच झाली, रक्त तपासलं, दिवस अचूक निघाला. मग त्यांनी टिकलीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. तिच्या तोंडाजवळचे केस पांढरे झाले होते, ते मी रोज बघत असून मला दिसलं नव्हतं. "मावशी," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्यापेक्षा फार उशीर झालाय. हृदयाचा आवाजही मला बरोबर वाटत नाही. पिल्लं होतीलही. पण टिकली त्यातून उठेल असं मी सांगू शकत नाही. मी नको म्हणेन. पण कुत्री तुमची आहे."

चतुराबाईंनी यशवंतरावांना दिवस तेवढा कळवून ठेवला.

ठरलेल्या दिवशी भीमराजला रजा मिळाली नाही. यशवंतराव भले माणूस, ते स्वतःच शेरूला जीपमध्ये घालून घेऊन आले. टिकली ओट्यावर उभी होती. चतुराबाईंनी तिच्या कमरेवर हात ठेवला. ती हलली नाही. तिनं शेपटी हळूच एका बाजूला घेतली. इतक्या वर्षांत मी तिला अशी कधी पाहिली नव्हती, शांत आणि तयार. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मी तर त्याचसाठी जन्मले होते. माझ्या दांडीखाली पिल्लं लोळतील, धडपडतील, हे मी किती वेळा मनात रंगवलं होतं. मला वाटत होतं, होऊ दे, आज होऊ दे.

चतुराबाई खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हात टिकलीच्या गळ्यात टाकले.

"यशवंतराव, शेरूला परत न्या."

"अहो मावशी, आज दिवस बरोबर आहे राव! बघा ना, कशी उभी राहिलीय."

"व्हय. दिवस बरोबर हाय," चतुराबाई म्हणाल्या. "वर्सं चुकली. ती काय आता तिच्या जिवातनं वसूल करू?"

यशवंतरावांनी टोपी काढून घाम पुसला, शेरूला जीपमध्ये घातलं आणि ते गेले. जीप वळली त्या दिशेला तोंड करून टिकली कण्हत होती. चतुराबाईंनी तिला तशीच मिठीत धरून ठेवली. भाकरी तव्यावर करपली तरी त्या उठल्या नाहीत.

पुढे डॉक्टरांनी आधी हृदयाची औषधं देऊन, मग जपून टिकलीचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन केलं, म्हणजे तो प्रश्नच उरला नाही. त्यानंतर टिकली आणखी काही वर्षं जगली. तिचे मागचे पाय धरू लागले, तेव्हा पिल्लांना अडवायला ठेवलेली माझी बुटकी बाजूसुद्धा तिला ओलांडवेना. अजीजभाई करवत घेऊन आले आणि त्यांनी ती आणखी कापून दिली. चतुराबाई रोज धोतर धुऊन अंथरायच्या. एका सकाळी टिकली माझ्यातून उठली नाही. चतुराबाईंनी तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "जा बाई आता त्यांच्याकडं."

त्याच आठवड्यात भीमराज टेम्पो घेऊन आला. फ्लॅटमध्ये मला जागा नव्हती. चतुराबाईंनी माझ्यातलं धोतर काढून छातीशी धरलं. निघताना माझ्यावरच्या पेल्याच्या चित्राला हात लावला आणि अजीजभाईंना म्हणाल्या, "हिच्या फळ्यांचं चपलांचं कपाट करू नका." तेव्हापासून मी इथे आहे. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी तर रंध्याचाही आवाज नसतो.

मित्रांनो, माझ्यात एकही पिल्लू जन्मलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. तुमच्या घरी टिकलीसारखी कुणी असेल तर तिला पिल्लं व्हावीत की नकोत हे आधी डॉक्टरांना विचारा, आणि व्हावीत असं ठरलं तर आपल्या सुट्टीचा दिवस बघू नका, तिचा दिवस बघा. ती बोलत नाही, पण सांगते. आणि एखाद्या सकाळी फरशीवर लाल थेंब दिसला, तर लाजू नका. पुसा, खुशाल पुसा. पण आधी घरात कुणाला तरी हाक मारून सांगा.